माळ आहे, हरिपाठ आहे, तरी घरात तोंड सुटतं: काय करावं?

राम कृष्ण हरी.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय सेहेचाळीस. सहा वर्षांपूर्वी माळ घातली. संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही, आषाढीला दिंडीत चालता. तरी घरात तोंड सुटतं. बायकोला माहेरावरून बोलता, मुलाला मार्कांवरून, आणि रात्री पाठ टेकली की स्वतःचीच लाज वाटते. गेल्या आठवड्यात दहावीतला मुलगा म्हणाला, “बाबा, निदान माळ तरी काढून ठेवा.” आता तुम्ही विचारताय, जप वाढवू का, मौन धरू का, की माझी श्रद्धाच कमी पडतेय?

श्रद्धा कमी पडतेय असं मला वाटत नाही. ती कामाला लागते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. हरिपाठ सातला आणि तोंड सुटतं सव्वासहाला, चपला काढता काढता. शिवाय मवाळ बोलणं तुम्हाला येत नाही असंही नाही. दिंडीत पायाला फोड आलेले असताना, पावसात, जेवणाच्या रांगेत तासभर उभं राहून तुम्ही अनोळखी माणसाला “माउली, जरा सरकता का” म्हणता. तोच माणूस घरी “ए, ऐकू येत नाही का?” म्हणतो. म्हणजे शिकायचं नवीन फारसं नाही. रस्त्यावर येतं ते उंबऱ्याच्या आत न्यायचंय.

पुढचं सगळं एका गृहीतावर आहे, ते आधी सांगतो. घरात तुमची भीती नाही, फक्त दुखावलेपण आहे, असं मी धरून चाललोय. बायको-मुलं तुमच्या पावलांच्या आवाजानं गप्प होत असतील, वस्तू फेकल्या जात असतील, हात उगारला जात असेल, तर हा जपाचा विषय राहत नाही. तिथे बाहेरची मदत घ्यायला हवी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, हिणवणं, नावं ठेवणं हेसुद्धा हिंसेत धरलंय, हे फार घरांत कुणाला माहीत नसतं. आणि हे उत्तर वाचणाऱ्या कुणाच्या वाट्याला रोज असं बोलणं येत असेल, तर “श्रद्धा ठेव आणि सोस” असं मी म्हणत नाहीये. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे.

दुसरं, शरीर. झोप पाच तासांवर आली असेल, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवण लांबत असेल, दारू असेल, दोन-तीन महिने कशातच मन लागत नसेल, तर चिडचिडीचं मूळ तिथेही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. मनाच्या तक्रारींसाठी 14416 वर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. साखर खाली गेलेल्या माणसाला ओवी सांगून उपयोग नसतो, आधी भाकरी द्यावी लागते.

हे बघून झालं असेल तर कामाला लागू.

दहा दिवस फक्त लिहा

सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. खिशात मावेल अशी वही घ्या. वेळ, कुणाला, नेमके शब्द, आणि त्या वेळी अंगात काय होतं (भूक, थकवा, उकाडा, साहेबांचा फोन). “चिडलो” असं लिहू नका. “तुझ्या आईनं हेच शिकवलंय का, असं म्हणालो” असं लिहा. लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळायलाच हवा. इथे एक चूक हमखास होते: चौथ्या दिवसापासून माणूस समोरच्याचं लिहायला लागतो. “तिनं असं म्हटलं म्हणून मी तसं.” ती वही तक्रारवही झाली की बंद करा आणि नव्या पानावर पुन्हा फक्त स्वतःचे शब्द.

दहा दिवसांनी पानं उलटली की बहुतेकांना दिसतं की राग दिवसभर पसरलेला नसतो. दोन-तीन ठराविक जागी तो बसलेला असतो. घरात शिरल्यावरची पहिली वीस मिनिटं, सकाळी डबा आणि शाळेची घाई, महिनाअखेरचा पैशाचा विषय. एवढंच रान आहे. आता ते वेचता येईल.

आपला दोष कोणता ते नावानं ओळखा

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवरण करताना माउलींनी बोलण्याची अहिंसा इतकी बारकाईनं सांगितली आहे की आजही ती तपासणीला कामी येते. कसं बोलावं ते आधी: साच (खरं), मवाळ, मितलं (मोजकं), रसाळ. आणि मग काय टाकावं त्याची मोजदाद: विरोध, वादाचा जोर, दुसऱ्याला ताप देणं, उपहास, छळ, वर्मस्पर्श. वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे यातला एक शब्द लिहा. कुणाचा दोष वादाचा असतो, हरणं सहन होत नाही. कुणाचा उपहासाचा, “वा, उठल्या का महाराणी!” तुमच्या प्रश्नावरून तुमचा दोष सरळ वर्मस्पर्शाचा दिसतो. समोरच्याला कुठे दुखतं ते ठाऊक असणं आणि नेमकं तिथेच बोट ठेवणं. हे घरच्यांनाच जमतं, कारण वर्म घरच्यांनाच माहीत असतं.

म्हणून पहिला नेम असा धरा. घरातल्या प्रत्येकाची दोन-तीन वर्मं कागदावर लिहा. बायकोचं माहेर, तिचं शिक्षण. मुलाचे मार्क, त्याची दुसऱ्या मुलाशी तुलना. हे विषय रागाच्या तोंडी बंद. शांतपणे बोलायची गरज पडली तर बोला, पण भांडणात नाही. एकादशीला तुम्ही भगर खाता की भात, यावर मनात चर्चा होत नाही ना? तसंच. माळकऱ्याला पथ्य कळतं, आणि या कामात श्रद्धेचा पहिला मोठा फायदा हाच आहे. “मी गोड बोलेन” हे पाळता येत नाही, कारण ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ठरलेलं नाही. “माहेरावर बोलणार नाही” हे पाळता येतं, मोडलं तर लगेच कळतं. चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. आषाढी ते कार्तिकी हा चार महिन्यांचा काळ अशा नेमाला चांगला. पण त्याची वाट बघत बसू नका, उद्या सकाळीही चालेल.

नाम कुठे घ्यायचं

जप वाढवावा का, तर माझं मत आत्ता तरी नको. अकराच्या एकवीस माळा झाल्या म्हणून बोलणं सुधारलं असं फारसं दिसत नाही. उलट “मी एवढं करतो आणि यांना साधं दार वेळेवर उघडता येत नाही” हा हिशेब आत सुरू होतो. आहे तोच जप, पण थोडा तुकडा उचलून अडचणीच्या जागी ठेवा.

दाराबाहेर चपला काढताना थांबा. नाकानं श्वास घेत मनात “राम कृष्ण”, सोडताना लांबवत “हरी”. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. असे सहा श्वास, साधारण एक मिनिट. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणि लांब उच्छ्वास यानं छातीची धडधड खाली येते, हे शरीराचंच काम आहे. नाम घेतल्यानं त्या श्वासाला दिशा मिळते. मग बेल वाजवा. आत गेल्यावर पहिलं वाक्य चौकशीचं किंवा सूचनेचं नको. “पाणी मिळेल का?” किंवा नुसतं “आलो गं”. बिल, मार्क, गॅस, राहिलेली कामं यातलं काहीही पहिल्या वीस मिनिटांत नाही.

नामाचा एक दुरुपयोगही सांगून ठेवतो. राग आवरायचा म्हणून काही जण बायकोच्या तोंडासमोर दात आवळून मोठ्यानं “राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी” म्हणायला लागतात. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो: तू इतकी वाईट आहेस की मला देवाला हाका माराव्या लागताहेत. मग त्या घरातल्या मुलांना ते नाम ऐकलं की पोटात गोळा येतो. भांडणाच्या वेळी नाम मनात घ्या. बोटानं माळेचा मणी चाचपा, तेवढं पुरे.

मौन आणि अबोला

मौन धरू का, असं तुम्ही विचारलंय. धरा, पण आपल्याकडे मौनाच्या नावाखाली अबोलाच जास्त धरला जातो. दोन्हींत तोंड बंदच असतं, म्हणून गल्लत होते. मौन सांगून धरतात, त्याला वेळ असते, चेहरा नेहमीचा असतो, ताट समोर आलं तर माणूस मान हलवतो. अबोला न सांगता सुरू होतो, कधी संपेल ते समोरच्याला कळत नाही, आणि दाराचा, भांड्याचा, खुर्चीचा आवाज बोलण्याचं काम करतो. अबोला ही शिक्षा आहे. शब्दाइतकीच लागते, कधी जास्त.

तर भडका येतोय असं वाटलं की हे वाक्य पाठ करून ठेवा: “मला आता नीट बोलता येणार नाही. अर्ध्या तासानं बोलू.” आणि अर्ध्या तासानं खरंच परत या, स्वतः विषय काढा. पाच मिनिटं पुरत नाहीत. रागानं अंग तापलं की ते निवायला साधारण वीस मिनिटं तरी जातात, आणि तेही तुम्ही त्या वेळात मनात भांडण पुढे चालू ठेवलं नाही तर. म्हणून नुसतं गॅलरीत उभं राहू नका. हाताला काम द्या: पाणी भरा, भांडी विसळा, कोपऱ्यापर्यंत जाऊन या. परतच आला नाहीत तर दुसऱ्या वेळेपासून त्या वाक्याला कुणी किंमत देणार नाही.

त्या जागी काय बोलायचं

नुसतं तोंड दाबून ठेवलं की आठवड्याभरात दुप्पट बाहेर येतं. जागेवर दुसरं वाक्य तयार हवं. माझा साधा नियम: जे डोळ्यांनी दिसलं ते, त्यामुळे काय अडलं ते, आणि हवंय काय ते. माणसाच्या स्वभावावर एक अक्षर नाही.

“तुझ्या माहेरी हिशेब कुणी शिकवलाच नाही” याऐवजी: “विजेचं बिल काल भरायचं होतं, आता दंड लागेल. पुढच्या महिन्यापासून मी भरू का?” मुलाला “तुला काही जमणारच नाही” याऐवजी: “गणितात बावीस आलेत. कुठला धडा अडला तो दाखव, रविवारी सकाळी बसू.” भाजी खारट झाली तर: “मीठ जरा पुढे गेलंय, दही आहे का?” यात साखर कुठेही पेरलेली नाही. बिल राहिलंय हे खरं आहे, आणि ते सांगायचंच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगताना उद्वेग न करणारं, सत्य, प्रिय आणि हितकर असं चौघांनाही एकत्र बसवलंय. खोटं गोड बोलणं त्यात बसत नाही.

मराठीत एक छोटं अक्षर फार घात करतं: च. “तुला कळत नाही” आणि “तुला कळतच नाही” म्हणून बघा. पहिल्यात आजची गोष्ट आहे, दुसऱ्यात जन्माचा निकाल. “नेहमीच”, “कधीच”, “तूच”, “असंच करतेस”. वहीतल्या वाक्यांवर लाल पेनानं नुसते हे ‘च’ गोल करा, अर्धं विष तिथेच सापडेल. पुढचा घात आडून बोलण्याचा. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपल्या घरांनी उगीच जन्माला घातली नाही. भिंतीकडे बघून “काही लोकांना आयतं बसून खायची सवय असते” म्हणणारा माणूस नंतर “मी तुला कुठं म्हणालो?” असं विचारायला मोकळा राहतो. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे वळून, नावानं बोला. टोमणा नाव घेऊन मारायला जड जातो.

“मी तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ” ही सबब वारकऱ्यांत थोडी जास्तच चालते, आणि जोडीला तुकोबांची “नाठाळाचे माथीं हाणूं काठी” ही ओळ पुढे केली जाते. तो अभंग सुरू होतो “मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास” असा. मेण राहिलं बाजूला, काठी तेवढी पाठ झाली. आणि मीठ जास्त पडणं हा काही नाठाळपणा नव्हे.

मग राग न्यायचा कुठे

माझ्या मते आतली श्रद्धा खरी कामाला येते ती इथे. त्याच तेराव्या अध्यायात एक ओवी आहे: “पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥” आधी माया पाझरते, अक्षरं तिच्या मागून चालतात. तुम्ही आतापर्यंत अक्षरांवर मेहनत केलीत. पण आत राग साठलेला असताना माया पाझरणार कशी? तो आधी कुठेतरी ओतावा लागतो. बायकोवर ओतायचा नाही, स्वतःवर नाही, तर कुणावर?

विठोबावर. यात अवमान काही नाही, आपल्या संतांनी हे मनसोक्त केलंय. “अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या” असं जनाबाई त्याला म्हणते. ही परंपरा देवाशी भांडायची मुभा देते, आणि आपण ती मुभा वापरत नाही. देवासमोर हात जोडून शहाण्यासारखं बोलतो आणि उरलेलं घरच्यांसाठी ठेवतो. हे उलटं करा. रात्री किंवा हरिपाठाआधी पाच मिनिटं एकटे बसा आणि जे बायकोला बोलणार होता ते सगळं, जसंच्या तसं, त्याला सांगा. हळू आवाजात, किंवा मनात. “दिवसभर राबतो, कुणाला किंमत नाही” हे त्याला सांगायला लाज वाटत नाही, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या मिनिटाला खालचं खरं बाहेर येतं: पैसे पुरणार नाहीत ही भीती, पोरगा मागे पडेल ही भीती, घरात मला मान उरला नाही हे दुःख.

पाच मिनिटं म्हणजे पाचच, मोबाइलवर गजर लावा. नुसतं ओकत राहिलं तर राग शांत होत नाही, घोटून घोटून वाढतो. म्हणून शेवटच्या मिनिटात दोन गोष्टी ठरवा: यातलं त्याच्यावर काय सोडतोय, आणि उद्या घरात कुणाला काय विचारणार आहे. “पोराचं पुढं काय होईल ते तू बघ, मी रविवारी त्याच्याबरोबर गणित घेऊन बसतो.” इतकं साधं.

“मी पापी, मी नालायक” हा जप मात्र टाळा. दुसऱ्याला टोचणारी तीच जीभ तिथे स्वतःकडे वळलेली असते, आणि ती थकली की परत बाहेर वळते.

चुकलं तर

चुकणार आहे. त्याच दिवशी, शक्यतो हरिपाठाला बसण्याआधी माफी मागा. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही माफी नाही, यात दोष तिच्या वाटण्याला दिला. असं म्हणा: “सकाळी मी तुझ्या माहेरावरून बोललो. ते चुकलं. त्या विषयाला पुन्हा हात लावणार नाही.” मुलांसमोर बोलला असाल तर मुलांसमोर. पाया पडण्याचं नाटक नको, लगेच उत्तर मागू नका, “झालं ना आता?” तर अजिबात नको. आणि माफी मागायला जमलं नाही म्हणून शिक्षा म्हणून हरिपाठ बुडवू नका. मग दोन्ही सुटतात.

प्रगतीचा क्रम साधारण ठरलेला दिसतो. आधी बोलून झाल्यावर कळतं. काही आठवड्यांनी वाक्य अर्ध्यावर असताना कळतं, तेव्हा बेधडक थांबा आणि म्हणा, “थांब, चुकीचं निघालं, पुन्हा सांगतो.” यात कमीपणा वाटेल, पण घरच्यांना बदल दिसतो तो इथेच. तोंड उघडायच्या आधी कळणं सगळ्यात शेवटी येतं, आणि दमलेल्या दिवशी तेही येत नाही. मधल्या काळात बायको म्हणेल, “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.” तिनं वर्षानुवर्षं ऐकलंय, तिला एवढा हक्क आहे. शाबासकी मागू नका.

वारीहून परतल्यावरचे दोन-तीन दिवस विशेष जपा. दिंडीत जेवण, मुक्काम, वाट सगळं ठरलेलं असतं, डोक्याला काही नसतं. घरी पंधरा-वीस दिवसांची कामं साचलेली असतात आणि त्यांचा भार घरच्यांनी एकट्यानं वाहिलेला असतो. आल्या आल्या हिशेब आणि चौकशा सुरू केल्या की चंद्रभागेतून आणलेलं सगळं दारातच सांडतं. पहिले दोन दिवस फक्त “मागं काय काय झालं?” हे विचारा आणि ऐका.

राहता राहिला मुलगा. माळ काढायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी काढा म्हणणार नाही. पण त्याच्या वाक्याला तुमच्याकडून अजून उत्तर गेलेलं दिसत नाही. प्रवचन न करता, तो जेवत असताना किंवा सायकल पुसत असताना, एवढंच म्हणा: “त्या दिवशी माळेबद्दल बोललास ते खरं होतं. तुझ्या मार्कांवरून मी रागात बोलणं बंद करतोय. विसरलो तर मला आठवण कर.” तो बहुधा काही बोलणार नाही, मोबाइलकडे बघत “हं” म्हणेल. तुमच्या तोंडात तेवढ्यात “पण तू पण जरा अभ्यास...” आलं असेल. ते गिळा आणि तिथून उठा.